गॉन, सीन, डन कुठं वापरायचं?

गो-वेंट-गॉन सगळ्यांचं पाठ असतंय, पण बोलताना ते गॉन नेमकं कुठं टाकायचं हितंच गाडी अडकत्या. वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून तिसरं रूप एकटं चालत नाय, त्याच्या आधी हॅव, हॅज, हॅड नायतर इज, वॉज असलं काहीतरी लागतंयच, म्हणून 'आय सीन रंकाळा' चूक आणि 'आय हॅव सीन रंकाळा' बरोबर. पण काल, परवा, 2019 साली अशी वेळ सांगितली की हॅव काढा आणि सरळ दुसरं रूप लावा, 'आय सॉ इट यस्टरडे'. मराठीत 'बघितलंय' आणि 'काल बघितलं' ह्यात जो फरक हाय ना, जवळजवळ तोच.

आता लई जण चुकतात ते बघा. 'ही हॅज गॉन टू पन्हाळा' म्हणजे गेलाय, अजून आलेला नाय, आणि 'ही हॅज बीन टू पन्हाळा' म्हणजे जाऊन आलाय.

गाडी मेस्त्रीकडनं करून घेतली तर 'आय गॉट माय बाइक रिपेअर्ड' म्हणा, 'आय रिपेअर्ड माय बाइक' म्हटलं की पाना तुमच्याच हातात होता असा अर्थ होतोय.

नामाच्या आधी पण हे तिसरं रूप बसतंय, बॉइल्ड एग, टॉर्न चप्पल. कट, पुट, हिट ह्यांची तिन्ही रूपं सेमच.