चुकीचा शॉर्टकट दाबला जातोय? बोटाला शिव्या देऊ नका, बटण बदला

मॅकवर कमांड डब्ल्यूने एक टॅब बंद होतो आणि त्याला खेटून असलेल्या क्यूने अख्खा ब्राउजरच जातो, आता असं डिझाइन असल्यावर बोट घसरणारच ना, त्यात तुमचा वेंधळेपणा कुठे आला! "नक्की बंद करायचं का?" अशी खिडकी आणली की प्रश्न सुटला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण चार दिवसांनी हात न वाचताच एंटर मारतो. त्यापेक्षा क्रोमच्या मेनूत 'वॉर्न बिफोर क्विटिंग' चालू करा, मग कमांड क्यू जरा वेळ दाबून धरावं लागतं, आणि घसरलेलं बोट काही दाबून धरत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. आयबीएमच्या 1981 च्या पीसीवर तिथले इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी रीस्टार्टसाठी आधी कंट्रोल-आल्ट-एस्केप ठेवलं होतं, पण ते डाव्या बाजूला धक्का लागूनही दाबलं जाऊ शकत होतं, म्हणून मग लांबचं डिलीट घेतलं, म्हणजे दोन्ही हात लागणार.

मराठी टाइप करणाऱ्यांचा खरा ताप वेगळाच. विंडोजवर आल्ट-शिफ्ट दाबलं गेलं की भाषा बदलते, आणि दुसऱ्याच कुठल्या शॉर्टकटसाठी बोटं तिथे गेली की मजकूर मध्येच इंग्रजी होतो, किंवा इंग्रजी मेलमध्ये अचानक मात्रा-वेलांट्या उमटायला लागतात. यावर उपाय: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज. 'चेंज की सीक्वेन्स' दाबा आणि 'नॉट असाइन्ड' निवडा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस राहतंच, शिवाय त्यात कोणती भाषा निवडली ते स्क्रीनवर दिसतं. माझ्या मते हे तर विंडोजने आधीपासूनच असं द्यायला हवं होतं.

बाकी बटणांसाठी मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पॉवरटॉइज टाका, त्यात बटणांचं काम बदलून देणारा कीबोर्ड मॅनेजर आहे. कॅप्स लॉक बंद करा नाहीतर त्याचं कंट्रोल करा (मी कंट्रोल करतो, पण हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग, भांडण नको). टर्मिनल (कमांड टाइप करून काम करायची खिडकी) वापरणाऱ्यांना तर हे हवंच, तिथे कंट्रोल-शिफ्ट-सीने कॉपी होतं आणि तेच क्रोममध्ये दाबलं की डेव्हलपरची खिडकी उघडून बसते! शॉर्टकट बदलताना टार्गेट अॅपमध्ये क्रोमचं नाव टाकलं की बदल तेवढ्यापुरताच राहतो. मात्र पॉवरटॉइज मागे चालू असेल तरच हे चालतं, त्यामुळे लॉगिनच्या स्क्रीनवर कॅप्स लॉक पूर्वीसारखाच वागेल, पासवर्ड टाकताना लक्षात ठेवा.

मॅकवर शॉर्टकट बदलायला सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, अॅप शॉर्टकट्स. मेनूतलं नाव जसंच्या तसं लिहायचं, एक अक्षर चुकलं तरी काहीच होत नाही आणि एररही येत नाही, मग बसा डोकं खाजवत.

तरी चुका होणारच, म्हणून परतीची वाट ठेवा. बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो, पण त्यात भरलेला फॉर्म येईलच असं नाही. जीमेलमध्ये 'अनडू सेंड' 5 सेकंदांवर असतं, ते 30 करा, कारण कंट्रोल-एंटरने अर्धवट मेल सुटला की 5 सेकंदांत "अरे देवा" म्हणून होतं फक्त.

आणि एकदम सगळं बदलू नका, ज्या बटणावर खरंच वैताग येतो तेवढंच एक बदला आणि हाताला आठवडाभर द्या. कॉम्प्युटर घरात चौघं वापरत असतील तर पॉवरटॉइजच बरं, ते तुमच्या लॉगिनपुरतं राहतं. शार्पकीजसारखं बटणं बदलणारं टूल थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मूळ सेटिंग्जच्या साठ्यात बदल करतं, म्हणजे तुमचा कॅप्स लॉक गेला की सगळ्यांचाच गेला, आणि मग वडील विचारणार, कीबोर्ड बिघडला का रे?