पडलेल्या दाढेच्या जागी दात बसवताना या चुका टाळा

"एकच दाढ गेलीय की हो डॉक्टर, दिसतंय कुठं?" खानापूर असो की चिकोडी, सुरुवात याच वाक्यानं होते. ती दाढ बहुतेकदा खालची पहिली मोठी दाढ असते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, घरचे तिला दुधाची समजून सोडून देतात आणि मग कीड लागून सगळ्यांत आधी तीच जाते. पुढं आठ-दहा वर्षं कुणी तिकडं बघत नाही. तेवढ्यात मागची दाढ खड्ड्याकडं कलते, वरची खाली उतरते. आणि मग गोकाकचा डिंक-सुकामेव्याचा करदंट चावता येईना म्हणून माणूस येतो, ते दोन आठवड्यांवर आलेलं पोरीचं लग्न घेऊनच.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे कललेल्या दाढेवर तसाच ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांचा खांब करून त्यांवर पेललेला पक्का दात, बसवणं. ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रॅक्टिस नवी होती. एक काका आले, ऊसवाले, घरात लग्न. दाढ चांगलीच कललेली होती. ब्रिज वरून सरळ खाली बसतो, त्यामुळं त्याचे दोन्ही खांब समांतर लागतात. समांतर करायचं म्हणून मी ती दाढ पुढच्या बाजूनं घासत गेलो. घासता घासता आत गुलाबी ठिपका दिसला, तेव्हा हात थांबला. नस उघडी पडली होती. रूट कॅनल केलं, ब्रिज बसवला, काका लग्नात मिरवले. पण कललेल्या दाढेच्या पुढच्या कुशीत हिरडी खोल गेलेली होती, तिथं ब्रश पोचेना. दोन वर्षांनी ब्रिज हातात घेऊनच काका परत आले, खालची दाढ हलत होती. एक दात बसवायला आलेल्या माणसाचे दोन गेले.

आता मी पहिल्या भेटीत मशीनला हातच लावत नाही. माप घेतो, प्लास्टरचं मॉडेल ओततो आणि ते पेशंटच्या हातात देतो. "यात नवीन दात कुठं बसवू, तुम्हीच बोट ठेवा," म्हणतो. बोट ठेवायला जागा सापडली नाही की घाई आपोआप उतरते. कललेली दाढ तारा लावून किंवा हाडात छोटा स्क्रू बसवून सरळ करता येते, बहुतेकदा सहा-आठ महिन्यांत. मागं अक्कलदाढ अडत असेल तर ती आधी काढावी लागते. "या वयात तारा?" असं पन्नाशीतले लोक लाजून विचारतात. हिरडी आणि हाड ठीक असेल तर वयाचा अडसर नाही.

दुसरी चूक, फक्त खालचा खड्डा बघणं. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचं स्क्रूसारखं कृत्रिम मूळ, त्यावर कॅप बसते. चार मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंना किमान दीड-दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे सात तरी झाले. दाढेच्या जागी त्याहून जास्त असलेलं बरं. पण लांबी मिळाली तरी वरची दाढ खाली उतरलेली असेल तर कॅपला उंचीच उरत नाही. थोडीच उतरली असेल तर घासून भागतं, जास्त असेल तर तिचं रूट कॅनल करून कॅप घालावी लागते, नाहीतर स्क्रूच्या आधारानं वर ढकलावी लागते. हा खर्च आधी सांगितला नाही की भांडण ठरलेलं.

एक्स-रेला नाही म्हणू नका. खालच्या जबड्यातली नस इम्प्लांटपासून दोन मिलिमीटर तरी लांब हवी.

निपाणीकडच्या पेशंटांना आधी विडी आणि मशेरीचं विचारतो. विडी चालू ठेवून इम्प्लांट मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. डायबेटिसवाल्यांना तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट आणायला लावतो.

आठवडी बाजारात अर्ध्या तासात "फिक्स दात" लावून देणारे भेटतात. शेजारच्या दातांना तार गुंडाळून वर गुलाबी प्लास्टिक लिंपलेलं असतं. ते काढताना येणारा वास मास्कलाही आवरत नाही. खाली हिरडी सुजलेली, शेजारचे धडधाकट दातही हलायला लागलेले. पैसे कमी असतील तर काढता-घालता दात घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि खूप वर्षं झालीत, चावा स्थिर आहे, अडचण काहीच नाही, तर कधीकधी "राहू दे" म्हणणंही बरोबर असतं.

शेवटची चूक, तारा काढल्यावर गायब होणं. एका भाऊंची दाढ सात महिने खपून सरळ केली. "जागा धरून ठेवायची पट्टी घाला, पुढच्या आठवड्यात माप घेऊ," म्हटलं. तेवढ्यात कारखान्याचा हंगाम सुरू झाला, पट्टी कपाटात राहिली. चार महिन्यांनी आले. मी जुनं मॉडेल आणि नवं मॉडेल टेबलावर शेजारी ठेवली. भाऊंनी दोन्ही उचलून बघितली आणि विचारलं, "यातलं पहिलं कुठलं हो?"