डर्ट बाईकच्या टायरमध्ये ट्युबलेस किट घालावं की फोमचा मूस? निवड अशी करा

डर्ट बाईकच्या चाकातली साधी ट्यूब काट्यापेक्षा दगडाने जास्त फुटते. चाक दगडावर आपटलं की टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब दोघांच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. हे टाळायला हवा वाढवली तर टायर दगडावरून उसळतो, ओल्या मुळांवरून निसटतो. पकड हवी असेल तर हवा कमी ठेवावी लागते आणि ट्यूब वाचवायची तर जास्त. या पेचातून सुटायचे दोन मार्ग आहेत: ट्युबलेस किट आणि फोमचा मूस. दोन्ही चांगले आहेत, पण ते वेगवेगळ्या चालकांसाठी आहेत. चुकीचा घेतला तर पैसे जातात आणि पंक्चरही चुकत नाही.

पायरी १: आधी दोन्हींची रचना समजून घ्या

स्पोकच्या चाकात स्पोकच्या निपलांतून (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांतून) हवा निसटते, म्हणून नुसती ट्यूब काढून चालत नाही. ट्यूब्लिससारख्या किटमध्ये रिमला लागून एक अरुंद आतली ट्यूब बसते. तिच्यात १०० ते ११० पीएसआय इतकी हवा भरायची. त्या दाबाने टायरच्या दोन्ही कडा रिमवर घट्ट आवळल्या जातात, हवेची गळती थांबते आणि टायर रिमवर फिरतही नाही. रिम लॉकचं, म्हणजे टायर रिमवर सरकू नये म्हणून एका जागी बसवतात त्या पकडीचं, काम चाकाच्या पूर्ण घेरात होतं. टायरच्या पोकळीतली हवा वेगळी, तिचा व्हॉल्व्हही वेगळा. चिमटायला तिथे ट्यूबच नसल्यामुळे ती हवा अगदी कमी ठेवता येते.

मूसमध्ये हवा भरायचीच नसते. मूस म्हणजे बंद पेशींच्या रबरी फोमचं जाड कडं, टायरची पोकळी भरून टाकणारं. मिशेलिनचा ‘बिब मूस’ यातला सर्वांत ओळखीचा. नवा मूस साधारण ०.९ बार, म्हणजे १३ पीएसआय हवेसारखा वागतो. काटा, खिळा, दगडाची धारदार कपची, काहीही घुसलं तरी पंक्चर होत नाही, कारण पंक्चर व्हायला आत काही नाही.

पायरी २: तुमच्या वाटेत सलग वेग किती, ते बघा

माझ्या मते निवडीचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि लोक नेमका तोच शेवटी विचारतात. मूसचा शत्रू दगड नाही, उष्णता आहे. चाक फिरताना फोम सतत दबतो, सुटतो, टायरच्या आतल्या बाजूला घासतो आणि तापतो. जंगलातल्या अरुंद वाटेवर वेग कमी असतो, त्यामुळे ही उष्णता निघून जाते. मोकळ्या मैदानात किंवा कडक रस्त्यावर बराच वेळ जोरात चालवलं की ती साठते. फोम आधी मऊ पडतो, मग आतून तुटू लागतो, आणि शेवटी टायरमध्ये त्याचे तुकडे आणि चिकट लगदा उरतो. डकारसारख्या रॅलीत आघाडीचे चालक टप्पा संपला की मूस बदलून घेतात, ते याच कारणाने.

म्हणून सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत बाईक रस्त्यावरून चालवत नेत असाल, किंवा फेरीत लांब वेगवान पट्टे येत असतील, तर मूसचा विचार सोडून द्या. दुसरं म्हणजे, दोन्ही वस्तू ऑफ-रोड वापरासाठीच विकल्या जातात. सार्वजनिक रस्त्यावर जाणार असाल तर आपल्याकडचा नियम आधी तपासा.

पायरी ३: दगड कसे आहेत, आणि थांबलात तर काय होईल?

वाट धारदार दगडांची असेल, शर्यत असेल, किंवा चाक उघडायला जागाही मिळणार नाही अशा घळीत उतरायचं असेल, तर मूसला तोड नाही. एक्स्ट्रीम एन्ड्युरोतले, म्हणजे दगडधोंड्यांच्या अतिशय अवघड वाटांवरच्या शर्यतींतले, चालक मुद्दाम जास्त मऊ मूस निवडतात, कारण मऊ मूसवर टायर दगडाला अक्षरशः बिलगतो.

ट्युबलेस किटमध्ये टायरला भोक पडू शकतं. पण ते प्लगने, म्हणजे भोकात खुपसायच्या चिकट रबरी पट्टीने, बाहेरूनच बुजवता येतं, चाक काढावं लागत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीला मोठी चीर गेली तर मात्र प्लग टिकत नाही. किटचा खरा फायदा वेगळा आहे: दाब तुमच्या हातात राहतो. सकाळी चिखल असेल तर एक दाब, दुपारी कडक जमीन लागली तर दुसरा. मूसचा मऊपणा विकत घेतानाच ठरतो, आणि पुढे तो स्वतःच्या मर्जीने मऊ होत जातो.

वजनही वेगळं पडतं. मूस ट्यूबपेक्षा जड असतो आणि हे वजन फिरत्या चाकात असतं, त्यामुळे हलक्या बाईकवर ते जाणवतं. ट्युबलेस किट जाड ट्यूबपेक्षा हलकं असतं.

पायरी ४: स्वतःच्या सवयीला प्रामाणिक उत्तर द्या

ट्युबलेस किटवर दर वेळी निघण्याआधी आतल्या ट्यूबचा दाब तपासावाच लागतो. तो उतरला तर टायरच्या कडांवरची पकड सुटते आणि टायरची हवा एकदम जाऊ शकते. हे तपासणं जमणार नसेल तर किट घेऊ नका. मूसला ही रोजची काळजी नाही, पण तो बसवायला कष्ट पडतात आणि ठरावीक काळाने उघडून वंगण द्यावं लागतं. दोन्ही नको असेल, महिन्यातून एखाद्या रविवारी सोप्या वाटेवर चालवत असाल, तर जाड ट्यूब आणि थोडी जास्त हवा हेच योग्य. त्यात कमीपणा नाही.

पायरी ५: माप जुळवा

किट रिमच्या व्यासानुसार येतं: पुढे २१ इंच, मागे १८ किंवा १९. रिमची रुंदीही किटच्या कागदावर दिलेल्या मर्यादेत हवी. रिम वाकलेली असेल तर किट नीट बसणार नाही.

मूस टायरनुसार घ्यायचा असतो, आणि इथे फसगत होते. दोन कंपन्यांच्या टायरवर १४०/८०-१८ असंच छापलेलं असलं तरी आतली पोकळी कमीजास्त असते. मूस लहान पडला तर तो आत हलतो, घासतो, तापतो. मूस बनवणाऱ्याच्या तक्त्यात तुमच्या टायरचं नाव शोधा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

पायरी ६: बसवणं

किट बसवताना रिम आतून घासून स्वच्छ करा, निपलांची टोकं वर आलेली असतील तर कानशीने सपाट करा आणि वर रिम टेप लावा. रिम लॉकचं भोक नसेल तर पाडावं लागतं. त्याच्या कडा गुळगुळीत करा. टायरची शेवटची कड चढवताना टायर लिव्हर (टायर चढवायची लोखंडी पट्टी) खोल खुपसू नका. आतली ट्यूब बहुतेक वेळा इथेच चिमटते, आणि ते घरी परतेपर्यंत कळत नाही. मग आतल्या ट्यूबमध्ये पूर्ण दाब भरा, टायरमध्ये हवा भरा, कडांवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. रात्रभर ठेवून सकाळी दोन्ही दाब पुन्हा मोजा.

मूससाठी टायर आधी उन्हात ठेवून मऊ करा. मूसला आणि टायरच्या आतल्या बाजूला मूससाठीच मिळणारं सिलिकॉनचं जेल भरपूर चोपडा. साधं ग्रीस किंवा तेल कधीच वापरू नका, ते रबर खातं. मूस टायरमध्ये कोंबा आणि टायर रिमवर घ्या. रिम लॉक इथेही लागतं. त्यापुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवणं. ती तिथे राहिली तर अलीकडची बाजू लिव्हरवर चढते. वर आली तर कितीही जोर लावा, हलणार नाही. एकाने गुडघ्याने दाबून धरावं आणि दुसऱ्याने छोटे छोटे घास घेत लिव्हर चालवावी. चाक रोवून ठेवणारा स्टँड मिळाला तर एकटंही जमतं.

पायरी ७: दाब ठरवा, किंवा मूसचं वय ओळखा

किटवर पुढे १२ आणि मागे १० पीएसआयपासून सुरुवात करा आणि दर फेरीला एकेक कमी करत जा. टायर वळणावर लोळतोय असं वाटलं किंवा रिमवर दगडाचा ठोका ऐकू आला, की एक पीएसआय परत वाढवा. तोच तुमचा दाब.

मूस हळूहळू आकसतो. अंगठ्याने टायर सहज आत जायला लागला, बाईक मागून डुलू लागली की त्याचे दिवस भरत आले. टायर बदलताना दर वेळी तो बाहेर काढून बघा, जुनं जेल पुसा आणि नवं लावा. पुढचा मूस मागच्यापेक्षा बराच जास्त टिकतो, कारण जोर आणि उष्णता मागच्या चाकावर जास्त. म्हणून पुढे मूस आणि मागे ट्युबलेस किट अशी जोडी पुष्कळांना जमते, आणि निर्णय होत नसेल तर मी हीच सुचवतो.

पायरी ८: पिशवी

किट असेल तर प्लग, १०० पीएसआयच्या वर जाणारा पंप, दाबमापक, टायर लिव्हर आणि २१ इंची एक साधी ट्यूब बरोबर ठेवा. किटची आतली ट्यूब गेलीच तर ही साधी ट्यूब पुढच्या चाकात बसते आणि अडचणीत मागच्या चाकातही घालून सावकाश परत येता येतं. दोन्ही चाकांत मूस असेल तर यातलं काहीच लागत नाही. तेवढ्या जागेत पाणी न्या.