तालुक्यातील पक्षाचे साप्ताहिक वार्तापत्र: बातम्या निवडण्याची आणि गावांचा प्राधान्यक्रम ठरवण्याची पद्धत

राज्यस्तरीय पक्षाचे प्रदेश कार्यालय दर आठवड्याला पत्रके, भाषणांचे सारांश आणि आंदोलनांच्या सूचना पाठवत असते. बहुतेक तालुक्यांत हे साहित्य जसेच्या तसे व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकले जाते. त्यामुळे मुंबईतील बातमी वाडीवस्तीपर्यंत पोहोचते, परंतु वाडीवस्तीवरची अडचण तालुक्याच्या ठिकाणीही पोहोचत नाही. तालुका शाखेने स्वतःचे साप्ताहिक वार्तापत्र काढावे ते यासाठीच. महाराष्ट्राच्या राजकारणात साप्ताहिकाचे मोल जुने आहे. ‘मार्मिक’ 1960 मध्ये सुरू झाले आणि शिवसेना 1966 मध्ये स्थापन झाली, डॉ. आंबेडकरांच्या ‘जनता’चे 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले आणि रिपब्लिकन पक्ष 1957 मध्ये उभा राहिला. दोन्ही ठिकाणी पक्षाच्या आधी वाचक होता. तालुका शाखेला एवढा पसारा मांडण्याची गरज नाही. ए-फोर कागदाच्या दोन बाजू पुरेशा आहेत.

पहिला निर्णय वाराचा. वार्तापत्राचा दिवस तालुक्याच्या आठवडी बाजारावरून ठरवावा. बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसे एस.टी.ने, टमटमने एका ठिकाणी येतात, त्यामुळे अंक आदल्या संध्याकाळी तयार असला की वाटपाचा प्रश्न जवळपास सुटतो. प्राधान्यक्रम ठरवणारी बैठक त्याच्या तीन दिवस आधी घ्यावी, म्हणजे मधल्या काळात संबंधित कचेरीत जाऊन माहिती पडताळता येते.

माहिती गोळा करण्याचे काम जिल्हा परिषद गट किंवा पंचायत समिती गण धरून वाटून द्यावे. प्रत्येक गणात एक जबाबदार कार्यकर्ता असावा आणि त्याने प्रत्येक अडचणीविषयी ठरावीक गोष्टी लिहून आणाव्यात: अडचण नेमकी काय, किती कुटुंबांना, केव्हापासून, अर्ज कोणत्या कचेरीत दिला, आणि त्याची पोच आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हाती नसेल, तर “आमच्याकडे असा अर्जच आलेला नाही” या एका वाक्याने महिन्यांचा पाठपुरावा वाया जातो. म्हणून पोच नसलेली तक्रार वार्तापत्रात घेण्याआधी अर्ज लिहून द्यावा, तो दाखल करून घ्यावा आणि मगच बातमी करावी.

आता प्राधान्यक्रम. एका अंकात तीनपेक्षा जास्त मागण्या नसाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पंधरा मागण्यांचे निवेदन स्वीकारताना अधिकाऱ्याला कोणत्याच मागणीचे उत्तर द्यावे लागत नाही. तीन मागण्या असल्या की प्रत्येकीवर बोलावे लागते. निवड करताना आधी मुदत पाहावी. ई-पीक पाहणीची किंवा पीक विम्याच्या अर्जाची अखेरची तारीख जवळ आली असेल तर तो विषय सर्वांत वर जातो, कारण ती तारीख उलटल्यावर छापलेल्या मजकुराचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नसतो. त्यानंतर अडचणीची व्याप्ती पाहावी, आणि मग निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहावे. पाणंद रस्त्यावरचे अतिक्रमण तहसीलदारांकडे, जळालेली डीपी (विजेचे रोहित्र) महावितरणच्या उपविभागाकडे, शाळेची गळती पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे. हे नीट लावले नाही तर मागणी चुकीच्या टेबलावर पडून राहते.

येथे एक काळजी घ्यावीच लागते. बैठकीत जो मोठ्याने बोलतो त्याच्या गावाचा रस्ता यादीत पहिला येतो, आणि जिथून कोणीच बैठकीला येत नाही असा आदिवासी पाडा, दलित वस्ती किंवा ऊसतोड मजुरांची वस्ती यादीबाहेर राहते. त्यामुळे तीनपैकी एक जागा बैठकीला न आलेल्या वस्तीसाठी राखून ठेवावी आणि कार्यकर्त्याने तिथे स्वतः जाऊन माहिती आणावी. पाणी, रेशन आणि दवाखाना या विषयांवर घरातील स्त्रियांशी बोलल्याशिवाय मजकूर पक्का करू नये. पाणी कधी येते आणि हंडा भरायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगत नाही.

मजकूर लिहिताना विशेषणे टाळावीत. ‘प्रशासनाचे अक्षम्य दुर्लक्ष, पाण्यावाचून ग्रामस्थ हवालदिल’ असे वाक्य कोणत्याही गावाला लागू पडते, म्हणून ते कोणालाच बांधत नाही. त्याच विषयावर असे लिहिता येते: ‘वरच्या वाडीतील 42 घरांना चार दिवसांआड पाणी येते. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. पंपाच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीने पाणीपुरवठा उपविभागाला पत्र दिले असून त्याची पोच आहे. दुरुस्ती किती तारखेपर्यंत होईल, हे उपअभियंत्यांनी लेखी कळवावे.’ या मजकुरात आकडा आहे, निकष आहे, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आहे आणि उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. अधिकाऱ्याचे म्हणणे मिळाले तर तेही छापावे, मग ते आपल्या विरोधात जाणारे का असेना.

निधीचा विषय असेल तर ग्रामपंचायतीचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहून घ्यावा. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून, ठेवलेली होती. ही रक्कम कोठे खर्च झाली, हे गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हे वार्तापत्राचे उत्तम काम ठरेल. कागद मिळत नसतील तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. त्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दाखल्यांच्या तक्रारींत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 उपयोगी पडतो, कारण त्यात सेवेची मुदत ठरलेली असते आणि अपिलाची सोयही आहे. जिल्ह्याच्या पातळीवर नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाची आठवण आधीच्या अंकात द्यावी.

पक्षाच्या बातम्यांना मागच्या बाजूचा अर्धा भाग पुरतो. प्रदेशाध्यक्षांच्या भाषणातील आपल्या तालुक्याशी संबंधित दोन वाक्ये, विधिमंडळात विचारलेला एखादा प्रश्न आणि पुढील आठवड्याच्या बैठका एवढे घ्यावे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सत्काराची छायाचित्रे अंकातून वगळावीत. त्यांच्यासाठी फलक आहेत.

तक्रारदाराचे पूर्ण नाव, भ्रमणध्वनी, आधार किंवा शिधापत्रिकेचा क्रमांक कधीही छापू नये. लेखी संमती असली तरी कुटुंबाच्या आजाराविषयी आणि कर्जाविषयी नावानिशी लिहू नये, असा शाखेचा नियम असावा. नियमितपणे छापून सार्वजनिक वाटप करायचे असेल तर नियतकालिक नोंदणीच्या 2023 च्या कायद्याखाली नोंदणी लागते का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. निवडणुकीच्या काळात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127-क प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या वेळी आचारसंहितेच्या सूचनाही त्याच आयोगाच्या पाहाव्यात.

प्रत्येक अंकाची पहिली चौकट मागील अंकातील तीन मागण्यांसाठी राखून ठेवावी. काम झाले असेल तर कोणी केले ते लिहावे, आणि दुसऱ्या पक्षाच्या सरपंचाने केले असेल तर त्याचे श्रेय त्यालाच द्यावे. गावाला खरे माहीत असते. काम झाले नसेल तर पुढची पायरी आणि ती पार पाडणाऱ्या कार्यकर्त्याचे पद लिहावे. सलग चार अंकांत एखादी मागणी जागची हलली नाही, तर ती सोडून न देता वरच्या कचेरीकडे न्यावी, आणि आमदारांकडे किंवा जिल्हा नियोजन समितीच्या सदस्याकडे आधीच्या अंकांसह द्यावी.

सर्व अंक आणि पोचपावत्या गावनिहाय फायलींत लावून ठेवाव्यात. 2 ऑक्टोबरनंतर पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. त्या वेळी त्या त्या गावाची फाईल घेऊन जावे आणि वर्षभर प्रलंबित राहिलेल्या मागण्या ग्रामसभेपुढे ठराव म्हणून मांडाव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असलेली संख्या लागते, म्हणून ज्या वाडीची मागणी आहे तिथली माणसे सभेला हजर राहतील याची व्यवस्था आधीच्या आठवड्यात करावी आणि मंजूर ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्यावी.