मूल ‘शाळा सोडतो’ म्हणते तेव्हा काय करावे

हजेरीपट पाहणे आणि घरी निरोप धाडणे हे प्रत्येक शाळा करतेच. मूल चौदा वर्षांच्या आतले असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण हा त्याचा हक्क आहे, हे पालकांना एकदा शांतपणे सांगावे.

खरी कसोटी पहिल्या बोलण्याची असते. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवीत असताना नववीतल्या एका मुलाला मी कार्यालयात बोलावले. समोर मुख्याध्यापक, त्याचे वडील आणि मी. आम्ही तिघांनी अर्धा तास समजावले, तो प्रत्येक वाक्याला ‘हो सर’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. नंतर त्याची गणिताची वही चाळली, तर जुलैच्या मध्यापासून पाने कोरी होती. चतुर्थीच्या सुट्टीनंतर मामाच्या गॅरेजवर जायला लागला म्हणून शाळा सुटली, असे आम्ही धरून चाललो होतो. वर्गात बसूनच त्याची शाळा दोन महिने आधी सुटली होती.

म्हणून आधी वह्या मागून घ्या आणि लिहिणे कोणत्या तारखेला, कोणत्या विषयात थांबले ते पाहा. मग एकट्याने, कार्यालयाबाहेर, मुलाच्या शेजारी बसून त्याच पानाविषयी विचारा. ‘का सोडतोस?’ हा प्रश्न मुळीच विचारू नका, कारण त्याचे पाठ केलेले उत्तर मुलाजवळ तयार असते. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा. ती शांतता उपदेशाने भरून काढण्याची घाई मोठ्यांनाच असते. शिकलेल्या चुलतभावाचा दाखला देऊ नये, असे माझे पालकांना कळकळीचे सांगणे आहे. त्या नावासरशी मुलाचे कान मिटतात.

कारण कळले की पुढचे सोपे असते: मागे पडलेला विषय रोज अर्धा तास पहिल्या कोऱ्या पानापासून शिकवावा.

हाताने काम करण्याची ओढ खरी असेल, तर आठवी उत्तीर्ण झालेल्या, चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला आयटीआयमध्ये वेल्डर, प्लंबर यांसारखे अभ्यासक्रम घेता येतात आणि दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते. मात्र तिथला प्रवेश हाती येईपर्यंत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज करू नये.

मूल परत येईल त्या दिवशी वर्गात त्याचे स्वागत करू नका. हजेरी घ्या आणि धडा सुरू करा.