मलईदार ग्रेव्हीतलं चिकन: क्रीम घालण्याआधीच होणाऱ्या चुका

ग्रेव्ही फाटली की आपण क्रीमला दोष देतो आणि चव उग्र लागली की आणखी क्रीम ओततो. दोन्ही वेळा खरी चूक आधीच झालेली असते. क्रीम कच्चा कांदा शिजवत नाही, करपलेला मसाला सुधारत नाही. उलट ते घातल्यावर आच मंद ठेवावी लागते, त्यामुळे जे कच्चं राहिलं असेल ते कच्चंच राहतं. म्हणून पहिल्यांदाच हा पदार्थ करत असाल, तर क्रीमचं पाकीट उघडायची घाई करू नका.

कांदा अर्धवट परतू नका

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. चिरलेला कांदा तेलात टाकला की आधी पाणी सोडतो, मऊ होतो, काचेसारखा दिसायला लागतो आणि बरेच जण इथेच पुढचे जिन्नस घालतात. लालसर ग्रेव्ही हवी असेल तर खरं काम यानंतर सुरू होतं. मध्यम आचेवर साधारण 15 ते 20 मिनिटं परतल्याशिवाय कांद्याला बदामी रंग आणि गोडवा येत नाही. आच वाढवून वेळ वाचत नाही. कडा करपतात, आतला भाग कच्चा राहतो आणि तो कडवटपणा मलईच्या सौम्य चवीत फार उठून दिसतो. पांढरी ग्रेव्ही हवी असेल तर रंग येऊ द्यायचा नाही, पण मंद आचेवर कांदा पार गळेपर्यंत शिजवायचाच. सुरुवातीला चिमूटभर मीठ टाकलं की पाणी लवकर सुटतं.

कच्चा कांदा थेट मिक्सरमधून काढून तेलात टाकणंही टाळा. वाटलेला कच्चा कांदा उग्र होतो, कधी कडू लागतो आणि तो वास जायला फार वेळ लागतो. आधी परतून किंवा पाण्यात 5 ते 7 मिनिटं उकळून मग वाटलात तर ग्रेव्ही मुलायम होते.

पुढे आलं-लसणाची पेस्ट, मग कोरडे मसाले. मसाले घालताना आच कमी करा आणि दोन चमचे पाणी शिंपडा, कारण तापलेल्या तेलात तिखट-हळद अर्ध्या मिनिटातही करपते. करपलंच, तर पुढे जाऊ नका. तेवढा मसाला टाकून नव्याने सुरुवात करणं स्वस्त पडतं, कारण चिकन अजून वाचलेलं असतं.

टोमॅटो घातल्यावर मसाला कडेने तेल सोडेपर्यंत परता. टोमॅटोचा कच्चा आंबटपणा इथे उरला, तर पुढे क्रीम फाटायची शक्यता वाढते.

तेल सुटणं वेगळं, फाटणं वेगळं

नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. क्रीम घालण्याआधी मसाल्याच्या कडेने तेल दिसणं ही चांगली खूण आहे: पाणी आटलं, मसाला शिजला. क्रीम किंवा दही घातल्यावर मात्र रव्यासारखे बारीक पांढरे कण दिसले आणि पाणी वेगळं झालं, तर ग्रेव्ही फाटली आहे.

दुधातली केसिन नावाची प्रथिनं आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. स्निग्धांश जितका जास्त, तितकं हे कमी होतं. त्यामुळे 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं क्रीम उकळीही बऱ्यापैकी सोसतं, 20-25 टक्क्यांचं जपून वापरावं लागतं आणि दही सगळ्यात नाजूक. क्रीमच्या पाकिटावर हा आकडा छापलेला असतो; वापरण्याआधी एकदा बघाच.

क्रीम घालताना आच मंद करा आणि उकळी बसू द्या. क्रीम फ्रिजमधून थेट कढईत ओतू नका. वाटीत घेऊन त्यात एक डाव गरम ग्रेव्ही मिसळा, मग ते मिश्रण कढईत घाला आणि फक्त 2-3 मिनिटं मंद आचेवर ठेवा. लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावर, तेही थोडंच.

दही वापरत असाल तर ते थंडगार नको. एक वाटी दह्यात चमचाभर बेसन किंवा कॉर्नफ्लोअर घालून गुठळ्या न ठेवता घोटा. त्यातल्या पिठामुळे प्रथिनं सहज गोळा होत नाहीत. कढईत घातल्यापासून पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका. फोन वाजला तरी नाही.

इतकं करूनही फाटलंच, तर कढई लगेच गॅसवरून उतरवा. थोडंच फाटलं असेल तर दोन चमचे क्रीम घालून जोरात घोटल्यावर बरंच सावरतं. जास्त फाटलं असेल तर चिकनचे तुकडे बाजूला काढा, ग्रेव्ही कोमट होऊ द्या आणि भिजवलेल्या 8-10 काजूंबरोबर मिक्सरमधून फिरवा. गरम ग्रेव्ही मिक्सरमध्ये फिरवू नका. वाफेने झाकण उडून भाजतं.

काजूबद्दल एक सांगायलाच हवं. ते गरम पाण्यात निदान 20 मिनिटं भिजले पाहिजेत, नाहीतर ग्रेव्ही रवाळ होते आणि ती फाटली आहे की काजूच नीट वाटले गेले नाहीत, हे कळत नाही. काजूची पेस्ट तळाला लागतेही पटकन. लागलीच, तर तळ खरवडू नका, वरची ग्रेव्ही अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

चिकन कोरडं का होतं

छातीचे बोनलेस तुकडे आणि हाडाचे तुकडे एकाच वेळी टाकल्यामुळे. लहान बोनलेस तुकडे ग्रेव्हीत 8 ते 10 मिनिटांत होतात, हाडासकट मांडीचे तुकडे 20 ते 25 मिनिटं घेतात. दोन्ही वापरायचे असतील तर मांडीचे आधी घाला. माझं मत विचाराल तर पहिल्या प्रयत्नाला मांडीचंच मांस घ्या. थोडं जास्त शिजलं तरी ते मऊ राहतं, छातीचं मांस मात्र चूक माफ करत नाही. ते कोरडं पडलंच, तर हाताने बारीक सोडवून ग्रेव्हीत मिसळा.

शिजलं की नाही याची खात्रीची खूण म्हणजे सगळ्यात जाड तुकड्याच्या आत 74 अंश सेल्सिअस तापमान. नुसत्या रंगावर जाऊ नका, हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसरपणा राहू शकतो. चिकन पूर्ण शिजल्यावरच क्रीम घाला. मॅरिनेट केलेल्या भांड्यातला उरलेला मसाला ग्रेव्हीत घालायचा असेल, तर तोही क्रीमच्या आधी घालून चांगला उकळू द्या. त्यात कच्च्या चिकनचं पाणी असतं.

तुकडे आधी तेलात परतणार असाल तर कागदाने कोरडे करून थोडे थोडे टाका. कढई भरून टाकले तर पाणी सुटतं आणि ते परतले न जाता उकडतात. कच्चं चिकन नळाखाली धुणं टाळावं, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात.

शेवटच्या क्षणाची डागडुजी

पातळ झाली तर क्रीम घालण्याआधीच झाकण काढून आटवा. घट्ट झाली तर गरम पाणी घाला, गार नको. ही ग्रेव्ही निवल्यावर आणखी घट्ट होते, त्यामुळे हवी त्यापेक्षा जराशी सैल असतानाच गॅस बंद करा.

मीठ जास्त झालं की बटाटा टाकायचा सल्ला मिळतो. बटाटा खारं पाणी शोषतो, पण उरलेली ग्रेव्ही तितकीच खारट राहते. बिनमिठाची काजू पेस्ट, थोडं क्रीम किंवा पाणी घालून प्रमाण वाढवणं हाच उपाय. आंबट झाली तर चिमूटभर साखर चालते.

उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना खायचं तेवढंच काढा, चमचाभर दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर ढवळत पूर्ण गरम करा. फ्रीझरसाठी करत असाल तर क्रीमशिवाय ठेवा. गोठून वितळल्यावर क्रीमची ग्रेव्ही बहुधा फुटते.