जुन्या बुलेट-येझदीचा साइड स्टँड नव्या पार्ट्सना जुळवून घ्यायचा कसा?

जुन्या गाडीला लांब शॉकप (शॉक अॅब्सॉर्बर), जाड टायर, लेग गार्ड किंवा वेगळा सायलेन्सर बसवला की त्याचा पहिला फटका साइड स्टँडला बसतो. गाडी डावीकडे इतकी कलते की उचलताना कंबर धरते, नाहीतर इतकी ताठ उभी राहते की बडोद्याच्या रावपुऱ्याच्या गर्दीत कुणाची पिशवी घासली तरी उजवीकडे आडवी व्हावी. दुकानात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारा स्टँड घेण्याचा मोह होतो. पण जुन्या फ्रेमवरचा कान, म्हणजे ज्यात स्टँडचा बोल्ट बसतो तो भाग, प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. युनिव्हर्सल स्टँड शेवटी क्लॅम्पने फ्रेमच्या पाइपला आवळावा लागतो आणि तो क्लॅम्प हळूहळू फिरतो. त्यापेक्षा मूळ स्टँडच सुधारून घ्यावा. बडोद्यात त्याची सोय चांगली आहे. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथ, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग एका फेरीत होतं. मात्र कारागीर तुम्ही द्याल त्याच मापाने काम करणार, म्हणून माप घरून पक्कं करून न्या.

स्टँडचं काम सगळ्यात शेवटी

हे एवढं पाळलंत तरी निम्मी डोकेदुखी वाचते. शॉकप, टायर, गार्ड, सॅडल बॅगेची फ्रेम, जे काही बसवायचं आहे ते आधी बसवा. शॉकपची स्प्रिंग तुम्ही रोज ठेवता त्या खाचेवर ठेवा, टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा, टाकीत निम्मं पेट्रोल असू द्या. आधी स्टँड लांब करून मग शॉकप बदलणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना सगळं काम दोनदा करावं लागतं.

दोष लांबीचा आहे का, हे आधी बघा

गाडी जास्त कलते याचा अर्थ स्टँड आखूडच आहे असं नाही. स्टँड खाली केल्यावर ज्या ठिकाणी तो फ्रेमला अडून थांबतो, तो टप्पा वर्षानुवर्षांच्या आपटण्याने झिजतो. मग स्टँड ठरलेल्या जागेपेक्षा जास्त पुढे जातो आणि गाडी खाली बसते. अशा वेळी स्टँडच्या अडणाऱ्या तोंडावर वेल्डिंगचा थर भरून कानशीने सपाट करायचा. लांबीला हात लावायची गरज पडत नाही.

दुसरी झीज बोल्टच्या भोकाची. स्टँड हाताने पुढेमागे न हलवता आतबाहेर हलवून पाहा. टोकाशी बोटभर खेळ असेल तर भोक अंडाकृती झालं आहे. लेथवाल्याकडून भोक गोल मोठं करून त्यात बुश (धातूची छोटी नळी) ठोकून घ्या आणि बोल्ट नवा, 8.8 ग्रेडचा घ्या. जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश आटे असतात. मेट्रिक ढिबरी (नट) दोन आटे चढते आणि मग अडते, तिथे पाना लावून जोर करू नका. जुनी ढिबरी नमुना म्हणून बरोबर न्या.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीच्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांतल्या कित्येकांचे हे बोल्ट आतून गंजून बसले आहेत. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग पाना लावा. फ्रेमचा कान तुटला तर स्टँडचं काम बाजूला राहून फ्रेमचं काम निघतं, तेव्हा इथे घाई नको.

किती वाढवायचं?

थोडा हिशेब. मागचा शॉकप 20 मिलिमीटरने लांब केला म्हणून स्टँडही 20 मिलिमीटरने लांब करायचा नसतो. मागचा भाग उचलला गेला तरी पुढचं चाक आहे तिथेच राहतं. स्टँडचा बोल्ट दोन चाकांच्या साधारण मध्ये असल्यामुळे तिथे फ्रेम जेमतेम निम्मीच उचलली जाते. टायरचं उलट आहे. बुलेटच्या मूळ 3.25-19 टायरऐवजी दोन्हीकडे 3.50-19 घातले, तर पाव इंच म्हणजे सहाएक मिलिमीटरने सगळीच गाडी वर जाते.

पण हा हिशेब फक्त अंदाजासाठी. खरं माप असं घ्या. सपाट फरशीवर गाडी साइड स्टँडवर लावा, हँडल डावीकडे पूर्ण वळवा. एका माणसाने गाडी धरायची, दुसऱ्याने स्टँडच्या पायाखाली प्लायवूडचे तुकडे एकेक करून सरकवायचे. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप उघडून फोन मागच्या चाकाच्या रिमला उभा टेकवला की कल अंशांत दिसतो. जुन्या जड गाडीला 10 ते 13 अंश मला योग्य वाटतात. त्याहून ताठ ठेवली तर डाव्या बॅगेतलं सामान काढताच गाडीचा तोल उजवीकडे जातो. जास्त कलती ठेवली तर बुलेटच्या डाव्या बाजूच्या चेन केसच्या जोडातून तेल झिरपायला निमित्त मिळतं आणि कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) तिरका राहतो. पेट्रोलचा कॉक तर दोन्ही वेळा बंदच करायचा.

कल जमला की तुकड्यांची एकूण जाडी मोजा. समजा ती 20 मिलिमीटर भरली. पायाला 6 मिलिमीटरची नवी पट्टी लावणार असाल तर ती वजा करा, उरले 14. स्टँडचा दांडा उभ्या रेषेपासून तिरका असतो, म्हणून दांड्यात वाढवायची लांबी याहून थोडी जास्त येते. 30 अंशांच्या तिरपेपणाला 14 चे साधारण 16 होतात.

गाडी याच स्थितीत असताना आणखी एक काम उरकून घ्या. फरशीवर एक सपाट फळी ठेवा, तिच्यावर मार्कर आडवा टेकवा आणि फळी सरकवत दांड्याभोवती रेघ ओढा. ही रेघ जमिनीला बरोबर समांतर येते. पायाची पट्टी याच कोनात बसली पाहिजे. डोळ्याच्या अंदाजाने लावलेली पट्टी एका कडेवर उभी राहते आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुतते.

कापणं आणि जोडणं

स्टँड गाडीवरून काढूनच वेल्डरकडे न्या. 'पाच मिनिटांचं काम आहे, गाडीवरच मारतो' असं भाई कितीही प्रेमाने म्हणाले तरी नाही म्हणा. वेल्डिंगचा करंट परतताना चाकाच्या किंवा इंजिनच्या बेअरिंगमधून गेला तर तिथे ठिणग्यांचे डाग पडतात आणि वरच्या टाकीत पेट्रोल असतं. फ्रेमच्या कानालाच काम करायचं असेल, तर टाकी उतरवून दूर ठेवणं, बॅटरीची तार सोडणं आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी शेजारी लावणं, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय सुरुवात नको.

दांडा पाइपचा असेल तर सरळ भागात कापून आत घट्ट बसणारी लोखंडी सळई घाला, दोन्ही बाजूंना 25 ते 30 मिलिमीटर आत जाईल एवढी. पाइपला दोन्हीकडे एकेक भोक पाडून तिथूनही सळई वेल्डने भरून घ्यायची, म्हणजे सगळा भार एकाच गोल जोडावर येत नाही. दांडा भरीव असेल तर दोन्ही तोंडं ग्राइंडरने तिरकी घासून व्ही आकाराची खाच करा आणि ती तळापासून भरा. वरून फिरवलेला वेल्डिंगचा गोफ दिसायला सुंदर असतो, पण भार पडला की तिथेच सुटतो. साध्या लोखंडाला 6013 नंबरचा रॉड चालतो. वेल्डिंगपूर्वी क्रोम किंवा जस्ताचा मुलामा आजूबाजूने पूर्ण घासून काढायला सांगा, त्याचा धूर विषारी असतो.

आणि गरम जोड पाण्यात बुडवू देऊ नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. झटकन थंड केलेला जोड कडक आणि ठिसूळ होतो. हवेत आपोआप निवू द्या.

पायाची पट्टी साधारण 60 बाय 50 मिलिमीटर पुरते. मे महिन्याच्या उन्हात मऊ झालेलं डांबर आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेरची कच्ची जमीन, दोन्हीकडे मूळचा बारीक पाय खचतो. पट्टीचे कोपरे गोल करा. स्टँड मिटल्यावर जी कड पुढच्या बाजूला येते ती किंचित वर वळवा, नाहीतर उंच स्पीड ब्रेकरला ती अडकेल.

स्प्रिंग

स्टँडची स्प्रिंग अर्ध्या वाटेवर सगळ्यात जास्त ताणलेली असते आणि बोल्टच्या रेषेपलीकडे गेली की स्टँडला दुसऱ्या टोकाला ओढते. म्हणूनच तो खाली असताना खाली आणि वर असताना वर राहतो. तुम्ही लांबी स्प्रिंगच्या आकड्याच्या (हुकाच्या) खाली वाढवली असेल तर या भूमितीत काही बदलत नाही. पण टोकाला वजन वाढतं. स्टँड वर करून दोनेक सेंटिमीटर खाली ओढा आणि सोडा, खट्कन परत गेला पाहिजे. रेंगाळला तर जास्त ताणाची किंवा दुहेरी स्प्रिंग लावा. चालत्या गाडीचा खाली पडलेला स्टँड डाव्या वळणावर माणसाला सरळ फेकून देतो.

गार्डला अडतो म्हणून बोल्टखाली वॉशर घालून स्टँड बाहेर काढला असेल, तर स्प्रिंग तिरपी ओढली जाते आणि आकड्यावरून निसटू शकते. एखादा पातळ वॉशर चालेल, त्याहून जास्त लागत असतील तर गार्डचाच पाय वाकवून घेतलेला बरा.

कुठे कुठे अडतं

येझदी आणि जुन्या जावाची गोष्ट बुलेटपेक्षा वेगळी. त्यांची किक डावीकडे, तीच पुढे गिअरचा लिव्हर होते आणि दोन सायलेन्सरांपैकी एक डाव्या बाजूलाच. म्हणजे मिटलेला स्टँड, किकचा पूर्ण फेरा आणि गरम सायलेन्सर, तिघांना एकाच जागेत राहायचं आहे. किक हाताने तळापर्यंत दाबून बघा. सायलेन्सर आणि स्टँडमध्ये करंगळीएवढी तरी फट ठेवा, कारण इंजिनच्या थरथरीत दोन्ही हलतात. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे असल्याने ती कटकट नाही. मात्र उजवीकडे गिअर असलेल्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. पॅडल पूर्ण दाबून ते स्टँडला किंवा नव्या गार्डला कुठे टेकत नाही ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

लांब झालेला स्टँड मिटल्यावर मागे साडी गार्डपर्यंत पोचत असेल तर साडी गार्ड काढून टाकायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतंच. स्टँडचा दांडाच थोडा बाहेर वाकवून घ्या. त्यासाठी तो गॅसवर लाल करावा लागतो, थंड लोखंडावर घण घालून नव्हे.

रंगाआधीची परीक्षा

रंग देण्याआधी स्टँड गाडीला लावून एक दिवस वापरा. एकाने गाडीवर बसून ती डावीकडे कलवावी, दुसऱ्याने खाली वाकून बघावं. जमिनीला आधी फूटरेस्ट टेकला पाहिजे, स्टँड नव्हे. साइड स्टँडवर गाडी असताना तिच्यावर बसून किक मारण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या धक्क्याने नवा काय, कंपनीचा स्टँडही वाकतो. किक मारायची तर डबल स्टँडवर किंवा दोन्ही पाय जमिनीवर.

सगळं ठीक असेल तर प्राइमर आणि काळा रंग, किंवा पावडर कोटिंग. बोल्टला ग्रीस, आत नायलॉनचं कडं असलेली ढिबरी, आणि ती इतकीच घट्ट की स्टँड सहज फिरेल पण लुळा पडणार नाही. आठवड्याभराने जोड पुसून केसाएवढी चीर दिसते का बघा आणि ढिबरी पुन्हा तपासा. पोळीतल्या (जुन्या शहरातल्या गल्लीतल्या) उतारावर लावताना गाडीचं तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा. तोंड उताराकडे असलं तर गाडी पुढे सरकते आणि कितीही भक्कम वेल्ड केलेला स्टँड आपोआप मिटतो.